नवरीपुढची नॉर्वेची चाल

"पाय बी वाद्यच हाय की!" असं म्हणत मास्तर व्हायोलिन हनुवटीखाली धरायचे आणि पाय आपटायला लागायचे. सत्तर सालाच्या आसपास आम्ही दोघं कोल्हापूरच्या एका सिनेमा स्टुडिओत वाजवायचो, ते व्हायोलिन आणि मी ढोलकी. त्यांच्या पायापुढे रेकॉर्डिस्टने हात टेकले होते. आधी त्याने मास्तरांच्या करकरणाऱ्या चपला काढायला लावल्या, मग पायाखाली सतरंजीची घडी दिली. तरी ठोका ऐकू यायचाच.

ही खोड त्यांना नॉर्वेच्या एका इंजिनियरने लावली. तो जयसिंगपूरजवळ कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता आणि आपल्या फिडलची, म्हणजे तिकडच्या व्हायोलिनची, खुंटी निसटते म्हणून मास्तरांकडे पोचला. त्या फिडलला सारंगीसारख्या खाली तरफेच्या तारा होत्या. वरची तार वाजली की खालच्या आपोआप गुणगुणायच्या. मास्तर खुंटी विसरून ऐकतच बसले. मग दर रविवारी दोघं समोरासमोर वाजवायचे, दोघांचेही पाय दणादण. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण काही अडलं नाही.

तिकडच्या एका नाचाच्या चालीवर मी ढोलकी धरायला गेलो, तर तीन मात्रांतली एक आखूडच निघाली. "मोजू नगा, नाचून बघा," मास्तर म्हणाले. मी अंगणात खुळ्यासारखा नाचलो. तुम्ही पाहिलं असतं तर पोट धरून हसला असता.

मास्तरांचा जीव मात्र दुसऱ्याच एका चालीवर. तिकडे नवरी लग्नाला निघाली की फिडलवाला ती वाजवत तिच्यापुढे चालतो, हे त्या नॉर्वेच्या पाव्हण्याने खुणांनी, स्वतः चालून दाखवून सांगितलं होतं. "माझी पोरगी ह्याच चालीवर घरातनं निघणार," असं ते सगळ्यांना सांगत सुटायचे.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्या पोरीचा निकाह मला अजून दिसतो. व्याही शिरोळचे, बडे बागायतदार. "नवरीच्या बापानं वाजवायचं? लोक काय म्हणतील आमास्नी?" त्यांनी साफ सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात वाजवलेला माणूस त्या दिवशी मांडवात मुकाट्याने सरबत वाटत हिंडत होता. मला फार वाईट वाटलं.

निघायची वेळ झाली आणि पोरगी उंबऱ्यावरच बसली. "अब्बा वाजवत पुढं चालल्याबिगर मी उठायची न्हाय."

बायकांनी समजावून पाहिलं, ती हलेना. शेवटी व्याहीच वैतागून म्हणाले, "वाजवा की मग! गाडी खोळंबलीया."

मास्तर पुढे, पोरगी मागे, गल्लीभर माणसं. ती गाडीत बसली, गाडी कोपऱ्यावरून वळली, माणसं पांगली. मास्तर वाजवतच होते, दाढी भिजलेली. मी जवळ जाऊन म्हटलं, "मास्तर, गेली ती. बास करा आता."

"पाव्हण्यानं बजावलंय," व्हायोलिनवरचा गज न थांबवता ते म्हणाले. "नवरी पोचल्याबिगर थांबायचं न्हाय. शिरोळ लांब हाय."