कोळशावरची मोटार

लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा वसमतच्या आमच्या ओळखीच्या ड्रायव्हरने जुन्या मोटारीमागे भट्टी बसवली आणि इंजिन कोळशाच्या गॅसवर चालवलं. ते बंद पडलं की बॉनेटला कान लावून विचारायचा, "काहून रुसली, बाई?" लोक हसायचे.

माझ्या अडलेल्या बहिणीला हट्टा गावाहून वसमतच्या दवाखान्यात नेताना चढावरच इंजिन गुदमरलं. मी घाबरून बैलगाडी शोधायला निघालो.

"थांबा दादा, हिचा श्वास कोंडलाय," तो बॉनेटला कान लावून म्हणाला.

गॅस गाळायचं फडकं काजळीनं बुजलं होतं. त्यानं डोक्यावरचा नवाकोरा पटका टरकन फाडला आणि तिथं बसवला. इंजिन धडधडलं, चढ सरला. भर बाजारातून तो बोडक्यानं ओरडत गेला, "सरका, लेकरू येऊन राहिलं!"

दवाखान्यात भाची रडली, तसा त्यानं बाहेर जोरात भोंगा दाबला.