बस्त्याची हुग्गी

लिंगाप्पा बसलेला मी कधी बघितला न्हाई. खरं सांगते. शिवशंकरप्पाच्या कापडाच्या दुकानात त्यो मिसरूड फुटायच्या आधीपास्नं सेल्समन हाय. डोस्क्यावरचे केस गेले, पर ढुंगण गादीला टेकलं न्हाई. माझी खानावळ बरोबर समोर, मधी भालकीच्या बाजारातली बारकी गल्ली. तिकडं साडी झटकली की इकडं माझ्या पिठात धूळ. म्हून म्हणते, माझ्या नजरेतनं सुटलेला त्येचा दिवस न्हाई.

जेवायचाबी उभ्यानंच. माझ्या दारात उभा राहून एका हातात भाकर, भाकरीवर शेंगाची चटणी, आन् डोळे दुकानाकडं. मी रोज म्हणायची, "अण्णा, जरा टेका की. बाकडं चावतंय व्हय तुमाला?" त्येचं एकच उत्तर, "आन् गिऱ्हाईक आलं तर?" धनगराचा गडी. आज्जा मेंढरं घेऊन ह्या रानातनं त्या रानात हिंडला, त्येचेच पाय ह्याला आलेत. आज्जा मेंढरामागं, ह्यो गिऱ्हाइकामागं.

आता गिऱ्हाईकच न्हाई तर माणूस हिंडल कुठं?

औंदा बाजाराला काय झालंय त्ये देवाला ठाऊक. सोयाबीनला भाव न्हाई म्हणतात, हैदराबादला गेलेली पोरं नोकऱ्या जाऊन परत आलीत म्हणतात, सोन्याचं तर नावच काढू नका. मला त्यातलं काय कळत न्हाई. मला ताटावरनं कळतं. आधी ताटात पापड तसाच ठेवून उठणारी माणसं आता चटणीचा कण ठेवीनात. आधी दोघं यायचे आन् एक चहा 'बाय टू' मागायचे. आता तिघं येतात आन् बाय टू मागतात. मी म्हणते, तिसऱ्यानं काय वास घ्यायचा? हसतात, पर दुसरा कप मागत न्हाईत. बायका साडीच्या दुकानात शिरतात, पोटभर बघतात, मोबाईलवर फोटो काढतात, आन् "येतो हं परत" म्हणून जातात. कुठल्या परत येतायत!

माझी खानावळ रोजच्या जेवणावर चालतच न्हाई. ती चालते बस्त्यावर. लग्नाचं कापड घ्यायला सगळं गोत मिळून यायचं, त्येला बस्ता म्हणायचं. जीपा भरून यायची माणसं. दुकानदारानं त्यास्नी जेवू घालायची आमच्याकडं रीत हाय, आन् शिवशंकरप्पाच्या दुकानाचं जेवण माझ्याकडं. भाकर, एण्णेगाई म्हंजी भरलेली वांगी, आन् हुग्गी म्हंजी गव्हाची खीर, चांगला गूळ घालून. हुग्गीबिगर बस्ता झालाच न्हाई असं समजायचं.

दुसरी एक रीत. नवरीची साडी ठरली की सगळ्यात आधी तिला हळद-कुंकू लावायचं. कुंकू लागलं की ती साडी त्या पोरीची. मंग ती कपाटात परत जात न्हाई, ठेवून गेलं तर पोरीला अपशकुन, आन् दुसऱ्या पोरीच्या अंगाला तर लागूच द्यायची न्हाई. म्हून काही दुकानदार लई हुशार असतात. गिऱ्हाइकाचं मन डळमळायलंय दिसलं की कुंकवाचा करंडा हळूच पुढं सरकवतात. कुणीतरी म्हातारी बोट बुडवतीच. बोट लागलं की बस्ता पक्का, मंग रडा न्हाईतर हसा. लिंगाप्पानं हे कधी केलं न्हाई. त्येचा करंडा वरच्या फळीवर. सगळ्यांच्या तोंडनं व्हय आलं की मंग खाली.

पर औंदा शिवशंकरप्पा माझ्याच बाकड्यावर बसून चहा पिता पिता म्हणला, "लिंगाप्पा, दुकानात आता दोन माणसांचं काम न्हाई. लग्नसराई संपली की एकालाच ठेवीन. एन् माडोदु, सांग?" काय करावं म्हणून इचारायलाय, आन् उत्तर आपणच देऊन बसलाय! दुसरा सेल्समन म्हंजी वीरेश. लग्न झालेलं पोरगं, मोबाईलसमोर उभं राहून साड्या खांद्यावर टाकतंय, कुठली कुठली माणसं बघतात म्हणं. वाईट न्हाई त्यो. पर मला त्येचा रागच आला.

त्या दिवसापास्नं लिंगाप्पाच्या अंगात वारं शिरलं. घडी केलेल्या साड्या मोडायच्या, परत घड्या. दुकानाच्या पायरीवर यायचं, गल्लीच्या ह्या टोकाला बघायचं, त्या टोकाला बघायचं. बसस्टँडकडनं चार बायका येताना दिसल्या की छाती पुढं काढून उभा. त्या बांगड्याच्या दुकानात वळल्या की आत जाऊन परत घड्या. त्येला बघून माझाच जीव खालीवर व्हायचा. भाकरी करपायल्या माझ्या.

आन् एक दिवस पळत आला. "सुमनक्का, हुग्गी टाका! अंबुबाईच्या लेकीचा बस्ता हाय उद्या!"

"मालकाला इचारलात?"

"मालक म्हणतो बिल झालं तरच जेवण. तुमी टाका, मी बघतो काय त्ये. बस्ता येतोय आन् हुग्गी न्हाई? थूत् त्या दुकानाच्या!" असं म्हणून वाकडं तोंड करून हसला. मला लई बरं वाटलं. मी त्याच संध्याकाळी गहू भिजवले.

बस्ता आला त्यो एका ऑटोतनं. जीपा न्हाईत, काय न्हाई. अंबुबाई, तिची लेक रेणू, अंबुबाईची सासू, डोळ्यांनी अधू, आन् नवऱ्या मुलाचा मामा योगीराज. बस्स. मी चुलीवरचं पातेलं बघितलं आन् कपाळाला हात लावला. एवढी हुग्गी कुणाच्या नरड्यात घालायची?

चहाचा ट्रे घेऊन मीच गेले दुकानात. खरं तर बघायलाच गेले. लिंगाप्पानं गादीवर साड्यांचा ढीग घातला व्हता. ही बघा अक्का, ती बघा अक्का, ह्येचा पदर बघा, हात लावून तर बघा. त्येची रीत अशी, की आधी सगळ्यात भारी साडी उलगडायची, म्हंजी मागनं येणारी परवडायसारखी वाटती. मोरपंखी रेशमी साडी उलगडली, पदरभर जर. सगळ्या दुकानात उजेड पडला. रेणूचा हात आपोआप पुढं गेला आन् परत मागं आला.

योगीराज म्हणला, "हीच घ्या की. आमच्या भाच्याची बायको शोभली पाहिजे मंडपात."

आता मुलाकडचा माणूस असं म्हणल्यावर पोरीच्या आईनं काय म्हणायचं? महाग हाय म्हणायचं? अंबुबाई हसली. काठाला किमतीची चिठ्ठी व्हती, ती तिनं अंगठ्याखाली झाकली. "छान हाय. अजून दोन बघू की," म्हणली, आन् लेकीच्या कानात पुटपुटली, "उदगीरला बघून येऊ गं."

लिंगाप्पानं ऐकलं. मी ऐकलं. गल्ल्यावर बसलेल्या शिवशंकरप्पानंबी ऐकलं. त्यो खाकरला. लिंगाप्पानं वर बघितलं तर मालकानं हनुवटीनंच फळीवरचा करंडा दावला.

लिंगाप्पा हलला न्हाई. शिवशंकरप्पा परत खाकरला. वीरेश कोपऱ्यात उभा राहून मोबाईलकडं बघत व्हता, पर त्येचे कान इकडंच. मंग लिंगाप्पानं हात वर केला, करंडा खाली घेतला, आन् म्हातारीच्या पुढं ठेवला. "आजी," म्हणला, "तुमचा हात लागू द्या." आवाज असा आला जणू दुसऱ्याच कुणाच्या घशातनं यायलाय.

म्हातारीला काय! नातीची साडी म्हणून तिला हुंदका फुटला. चाचपडत बोट बुडवलं आन् मोरपंखी काठाला लावलं. "सुखानं नांद गं माझे बाई."

"अभिनंदन!" शिवशंकरप्पा उठूनच उभा राहिला. "वीरेश, बॉक्स काढ."

मला आधी आनंदच झाला. हुग्गी वाया जात न्हाई, लिंगाप्पा राहतोय, सगळं जुळलं. मंग मी अंबुबाईकडं बघितलं. ती अजून हसतच व्हती. पर्स उघडली, आत बघितलं, बंद केली. आन् तिचा हात कानाकडं गेला. कानातली कुडी तिनं चिमटीत धरली आन् हलकेच फिरवली, जणू निघती का बघायलीय. रेणूनं ते बघितलं आन् मान खाली घातली. योगीराज मोबाईल चाळत व्हता. त्येला काय पत्ता!

लिंगाप्पानंबी बघितलं. त्यो साडी गोळा करायला वाकला. करंडा त्येच्या मांडीजवळ व्हता. मी ट्रे घेऊन बाजूलाच उभी, म्हून मलाच दिसलं. त्येनं अंगठा कुंकवात बुडवला, साडीच्या आतल्या घडीत घातला आन् दाबला. मंग एकदम ओरडला, "अरारारा! आजी, थांबा, थांबा!"

सगळे दचकले. लिंगाप्पानं घडी उघडून दावली. आत लालभडक ठिपका. "ही साडी तर लागलेली हाय! माझ्या लेकीची, धनलक्ष्मीची. सकाळीच तिच्या नावानं कुंकू लावून बाजूला ठेवली व्हती मी, ढिगात कशी आली कुणास ठाऊक. एकीच्या नावाची साडी दुसरीला चालत न्हाई हो. आजी, पाया पडतो, माझी चूक झाली. रेणूबाईला दुसरी बघू."

अंबुबाईचा हात कानावरनं खाली आला. म्हातारी घाईघाईनं बोट पदराला पुसायला लागली. शिवशंकरप्पाचं तोंड उघडं ते उघडंच. त्येला तर ठाऊक व्हतं की लिंगाप्पानं सकाळपास्नं कसली साडी घेतलेली न्हाई. पर गिऱ्हाइकापुढं आपलाच माणूस खोटा म्हणून कसं सांगायचं?

मला वाटलं, सुटला बिचारा. आता दुसरी साडी, परवडणारी, मंग बस्ता, मंग हुग्गी. पर योगीराज फणकारला. "हे काय दुकान हाय का? दुसऱ्याच्या कुंकवाची साडी आमच्या सुनंला दावता? चला, उठा. ह्या दुकानातलं पोलकंबी नको आपल्याला. उदगीरची बस हाय." लिंगाप्पा मागं मागं, "मामा, ऐका तर, चहा तर घ्या," पर त्यो पायरी उतरूनबी गेला.

अंबुबाई सगळ्यात मागं राहिली. चप्पल घालता घालता तिनं लिंगाप्पाच्या अंगठ्याकडं बघितलं. ओलं कुंकू ते, सकाळचं असतं तर असं चमकलं असतं व्हय? मंग म्हणली, "अण्णा, तुमची धनलक्ष्मी लई सुखात राहील बघा." आन् म्हातारीचा हात धरून गेली.

मी खानावळीत परत आले. हात कामाला लागंनात. भाकरी थापायला घेतली ती फाटली, परत मळलं. समोर आवाज चढलेला नव्हता, त्येचीच मला जास्त भीती वाटली. शिवशंकरप्पा ओरडला असता तर बरं. त्यो हळू बोलत व्हता, शटरकडं बघत, पर गल्ली बारकी, मला ऐकायला आलंच. "तुझ्या लेकीची साडी ना? घेऊन जा मंग. तुझा ह्या महिन्याचा हिशेब ह्यातच मिटला. उद्यापास्नं वीरेश बास हाय." मी मनातल्या मनात त्येला सतरा शिव्या दिल्या. आन् वर बघितलं तर त्येचं तोंडबी उतरलेलं. इतकी वर्षं एका दुकानात काढलेली माणसं. त्येलाबी रात्री झोप यायची न्हाई, आन् नकोच यायला.

लिंगाप्पा आला. बगलेत साडीचा बॉक्स. मी दारातच भाकर द्यायला उठले, रोजच्यासारखी. पर त्यो आत आला. बाकड्यावर बॉक्स ठेवला, जरा सरकवला, आन् शेजारी बसला. पाय आखडून, सगळं अंग टेकून. मी बघतच राहिले.

"सुमनक्का, ताट करा. हुग्गी वाढा. बस्त्याचं जेवण हाय."

माझं डोकंच फिरलं. "अवं, कुणाचा बस्ता? धनलक्ष्मीचं अजून स्थळबी ठरलेलं न्हाई! बिनलग्नाच्या पोरीच्या साडीला कुंकू लावून बसलात! नोकरी गेली, महिना गेला, आता घरी जाऊन काय सांगणार? त्या बाईनं काय केलं असतं ते केलं असतं, तुमाला कामून पडलं व्हतं?"

"करंडा मीच ठेवला व्हता, अक्का," त्यो म्हणला. "आजीनं न्हाई." आन् मंग हसला. "स्थळाचं काय, आता बघावंच लागल. साडी तर झाली."

मी ताट केलं. भाकर, एण्णेगाई, चटणी, आन् मधी हुग्गी, वर तूप सोडलं. त्येनं हात धुतले, पर अंगठ्याचं कुंकू गेलं न्हाई. त्याच हातानं पहिला घास घेतला. म्हणला, "आजवर किती वऱ्हाडांना ह्ये जेवण दिलं, बसून खाल्लं न्हाई कधी. गोड झालीय हो." मला एकदम रडूच कोसळलं. मी चुलीकडं तोंड केलं.

तेवढ्यात समोर दुकानाच्या पायरीपाशी दोन बायका थांबल्या. एक शोकेसमधल्या साडीकडं बोट करायलीती. वीरेश आत मोबाईलमधी. लिंगाप्पाच्या कानावर बांगड्या वाजल्या असतील, न्हाईतर वासच येतो म्हणा अशा माणसाला. घास हातात तसाच धरून त्यो ताडकन उठला, दाराशी गेला आन् गल्लीत ओरडला, "या अक्का, या! आत या, आत बघा, बघायला कशाचे पैसे!"

बायकांनी वळून बघितलं. खानावळीच्या दारात उभा राहून एक माणूस साडीच्या दुकानात बोलवायलाय, त्यास्नी काय कळंना. त्या हसल्या आन् आत गेल्या. लिंगाप्पा तसाच उभा राहिला. मंग त्येला आठवलं. त्यो परत येऊन बाकड्यावर बसला, आन् मी त्येच्या ताटात अजून हुग्गी वाढली.