एकशे वीस तिकिटं

हाउजीच्या सामानाची माझी यादी एका पानात बसायची. आकड्यांच्या नव्वद लाकडी सोंगट्या, त्यांची कापडी पिशवी, नव्वद घरांचा फळा, तिकिटं, माणसं जितकी येणार त्यापेक्षा चाळीस पेनं जास्त (कारण पेनं परत येत नाहीत), माइकचे सेल, स्टेपलर, तिकीट तपासायची लाल शाई, बक्षिसं आणि त्यांच्यावर लावायच्या चिठ्ठ्या. खाली वेगळ्या रकान्यात हॉलच्या परवानगीचं पत्र, दोन प्रती.

हे पत्र महत्त्वाचं. कतारमध्ये पैसे लावून काहीही खेळता येत नाही आणि वर्गणीही कुणी आपल्या मनाने गोळा करत नाही. म्हणून आमच्या मराठी मंडळात तिकिटं फुकट वाटायची. बक्षिसं सभासद घरून आणायचे: कुकर, डबे, चादरी. दारापाशी एक मोठा खोका ठेवायचा. येताना प्रत्येक घराने त्यात साबण, टॉवेल, तांदळाची पिशवी असं काहीतरी टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी तो खोका परवाना असलेल्या एका धर्मादाय संस्थेकडे पोचवायचा. तिथून ते सामान कामगारांच्या कॅम्पवर जायचं. पोचपावती मी फाइलला लावायची. वेस्ट बेमधल्या एका इंजिनियरिंग कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कागद जागेवर ठेवणं हीच माझी नोकरी.

यादीत एक गोष्ट मी कधी लिहिली नाही, कारण ती लिहायची गरजच पडली नव्हती. आकडे पुकारणारी.

ती माझी शेजारीण. मुऐदरमधल्या एका व्हिलाचे मालकाने चार भाग केले होते, त्यातल्या दोन भागांत आम्ही. ती रत्नागिरीकडची, मी नाशिकची. मी तिला भाभी म्हणायची, ती मला ताई, आणि दोघी एकमेकींना अगं-तुगं. तिचा नवरा एका स्टेडियमच्या साइटवर स्टोअरकीपर होता. माझा नवरा मेसईदच्या कारखान्यात, पहाटे बसने जायचा तो दिवेलागणीला यायचा. मधला सगळा दिवस आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांमधली भिंत असून नसल्यासारखी असायची.

मंडळाने एकदा फिरवायचा जाळीचा गोल विकत आणला होता. ती म्हणाली, "हा पोपटाचा पिंजरा मला नको गो. मला पिशवी दे." पिशवीत कोपरापर्यंत हात घालायची आणि सोंगटी वर काढून आधी स्वतः हसायची.

"एक! सासू एकच पुरे!"

"तेवीस! कालचं डायव्हर्जन, आज बंद!"

"पन्नास! ऑगस्टातली दुपार!"

मराठी समजणारी पण इंग्रजीतच उत्तर देणारी आमची पोरं तिच्याबरोबर हे सगळं ओरडायची. रस्ते तेव्हा सगळीकडे खणलेले असायचे, त्यामुळे तेविसाला मोठी माणसंही ओरडायची.

वर्ल्ड कप जवळ येत गेला तशी स्टेडियमं पुरी होत गेली आणि स्टेडियमं पुरी झाली तशी माणसं जायला लागली. आम्हाला हे आधी लक्षातच आलं नव्हतं. काम संपायची सगळे वाट बघत होते आणि काम संपलं की करार संपणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी मी एकत्र करून पाहिल्या नव्हत्या, इतकंच. एक दिवस तिने भिंतीपलीकडून हाक मारली, "ताई, साइटचं हँडओव्हर झालं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारचं तिकीट आहे."

आमची हाउजी त्याच महिन्याच्या शेवटी होती.

मी हाउजी दोन आठवडे अलीकडे आणली, तिच्या निघण्याच्या आदल्या दिवशी. हॉल बदलला, पत्र नव्याने केलं, सगळ्यांना कळवलं. तिला एकदा शेवटचं पुकारायला मिळावं, एवढंच मला हवं होतं. अडचण एकच. छापील तिकिटांची पुस्तकं दर वेळी मुंबईहून कुणाच्या तरी सामानातून यायची आणि इतक्या लवकर कुणी येणार नव्हतं. साहेबांना विचारून मी ऑफिसच्या प्रिंटरवर ती छापली. साठ-साठ तिकिटांच्या दोन फाइल. मध्येच कागद अडकला, तो काढला, पुन्हा छपाई लावली. तिकिटं मोजली. एकशे वीस. यादीवर बरोबरची खूण केली.

शुक्रवारी हॉल भरला. तिने हिरवी ओढणी घेतली होती आणि आवाज बसू नये म्हणून सकाळपासून कोमट पाणी पीत होती. 'पहिले पाच'ला दोन बायका एकदम ओरडल्या. होतं असं कधीकधी. बक्षीस दोघींत वाटलं. मग वरच्या ओळीला पुन्हा दोन आवाज आले. दोन्ही तिकिटं तपासायला माझ्याकडे आली आणि मी ती शेजारी शेजारी ठेवली. पंधराच्या पंधरा आकडे तेच, त्याच घरांत.

कागद अडकल्यावर मी पहिलीच फाइल पुन्हा छापली होती. हॉलमधल्या प्रत्येक तिकिटाचं जुळं हॉलमध्ये होतं.

मी स्टेजवर जाऊन तिच्या कानात सांगितलं. तिने माइक खाली केला नाही. "ऐका हो! आपल्या ताईंनी सगळ्यांची जुळी केलीत. कुकर एकीला, शिट्टी दुसरीला!"

हॉल हसला. पण बक्षिसं एकेकच होती आणि मागून कुणीतरी म्हणालंही, "असं कसं चालेल?" शेवटी समितीने खेळ थांबवला. नावांच्या चिठ्ठ्या टाकून बक्षिसं दिली. पिशवीत अर्ध्याहून जास्त सोंगट्या तशाच राहिल्या. तिने पिशवीची नाडी ओढली आणि माझ्या हातात दिली.

शनिवारी दुपारी मी पिशवी आणि एक कोरं तिकीट घेऊन तिच्याकडे गेले. घर रिकामं होतं, फक्त बांधलेली खोकी आणि चालू एसी. तिचा नवरा फ्रिज न्यायला आलेल्या माणसाबरोबर खाली गेला होता. "बस," मी म्हटलं, "आणि पुकार. पहिल्यापासून."

"कुणासाठी गो? तू तर तपासणारी."

"आज खेळणारी."

इतक्या वर्षांत मी एकदाही खेळले नव्हते. ती एका खोक्यावर बसली, मी समोर फरशीवर. तिने सुरुवात केली तेव्हा आवाज जरा बारीक होता. दहा-बारा आकड्यांनंतर तो हॉलमधला झाला. सासू आली, डायव्हर्जन आलं. ऑगस्टातली दुपार आली तेव्हा खिडकीबाहेर तीच होती. मी खुणा करत होते. छप्पन्न आला आणि माझं तिकीट पुरं झालं.

मी गप्प राहिले. पिशवीत अजून नऊ सोंगट्या होत्या.

ती पुकारत राहिली. मी रिकाम्या घरांवर पेन टेकवल्यासारखं करत होते. शेवटची सोंगटी काढून तिने पिशवी उलटी झटकली. "संपले नव्वद. आता तरी बोल."

"फुल हाउस."

तिने तिकीट ओढून घेतलं आणि अगदी माझ्यासारखं, बोट ठेवून एकेक आकडा तपासला. "छप्पन्न कधीच येऊन गेला."

"हो."

"पुढचा आकडा पुकारल्यावर ओरडलेलं बाद धरतात. तूच किती जणींना रडवलंयस त्यावरून."

"बाद धर."

तिने तिकिटाची घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि ओढणीने डोळे पुसले. खालून तिच्या नवऱ्याने हाक मारली, गाडी चाळीस मिनिटांत येणार होती. एका डावाला पंचवीस लागतात, मी मनात हिशेब केला. फरशीवर पसरलेल्या सोंगट्या गोळा करून मी पिशवीत भरायला लागले आणि तीही खोक्यावरून उतरून माझ्याबरोबर भरायला लागली.