खालून सुरुवात

पाठीवर पडणं ही एक विद्या आहे असं मानणारा खालापूर तालुक्यातला एकमेव माणूस म्हणजे माझे मेव्हणे, आमच्या हिचे थोरले भाऊ. दिवसा ते रसायनीच्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघतात, म्हणजे काय काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचा पगार घेतात. संध्याकाळी मोहोपाड्यात एका दुकानावरच्या हॉलमध्ये गाद्या अंथरून जिउ-जित्सू शिकवतात, तिथंही तोच विचार चालू. ही आपल्या कुस्तीची लांबची बहीण. फरक एवढाच, की इथं पाठ टेकली म्हणून डाव संपत नाही, उलट खरा सुरू होतो. भिंतीवर वेळापत्रक लावलेलं: एक आठवडा उभ्यानं धरपकड, दुसरा वर बसून दाबणं, तिसरा खालून सुटणं, चौथा सगळ्याची मिसळ. आणि ज्याला जे उत्तम येतं ते त्याला बंद. शिळफाट्याचा एक धिप्पाड बेकरीवाला एकदा छातीवर बसला की क्रेन मागवावीशी वाटे; त्याला महिनाभर कुणावर बसू दिलं नाही. मी पोट कमी करायला गेलो होतो. "भावजी, तुमाला काय येतं?" त्यांनी विचारलं. काहीच नाही, म्हणालो. ते मनापासून खूश झाले. "मग तुमाला काय बंद करायला नको."

त्यांची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी सविता. घर कर्जतकडच्या डोंगरपायथ्याच्या वाडीत, मोहोपाड्यात मावशीकडे राहून नर्सिंग शिकणारी. उभ्यानं तिच्यासमोर कुणी टिकत नसे. स्पर्धा दीड महिन्यावर आली आणि मेव्हण्यांनी तिचं पाडणंच बंद केलं. रोज तिनं खाली पडून सुरुवात करायची.

"सर, मला येतंय तेच का बंद करता?"

"येतंय ते पळून जात नाय गं. येत नाय ते नेमकं स्पर्धेत भेटतं."

सविता रुसून सुट्टीला घरी गेली ती परतलीच नाही. आठ दिवस मेव्हण्यांनी वाट पाहिली आणि मला मोटरसायकलवर मागं बसवून तिची वाडी गाठली. वाटेत तोंडपाठ केलेलं सगळं ते तिच्या अंगणात विसरले आणि सरळ जमिनीवर उताणे झाले. "भावजी, बसा छातीवर." मी नव्वद किलोंचा जावई, सासरच्या थोरल्या माणसाच्या छातीवर बसलो. ते धडपडले, पण सुटेनात. तिची आजी पदराआड हसत होती. शेवटी सविता दारातून बाहेर आली. "सर, कंबर आधी सरकवायची. तुमीच सांगता ना?" तिनं मला हलकेच उतरवलं, त्यांच्या जागी स्वतः आडवी झाली, मला पुन्हा वर बसायला लावलं आणि दुसऱ्या दमात मला मातीत लोळवलं. सोमवारी ती क्लासला हजर होती.

स्पर्धेत पहिल्याच झटक्यात ती खाली गेली. मेव्हण्यांनी डोळे मिटून घेतले. ती सुटल्याचं मीच त्यांना सांगितलं. ती लढत तिनं जिंकली, पुढची हरली, आणि परतीच्या टेंपोत पोरींबरोबर खिदळत बसली.

मेव्हणे माझ्याशेजारी बसले होते. खालापूर मागं पडल्यावर हळूच म्हणाले, "तरुणपणी माझा एकच डाव होता, भावजी. गुरुजी म्हणायचे, तेवढाच कर. चार वर्षं कुणी पाडलं नाय मला. एकदा पाठीवर पडलो, तर पुढं काय करायचं तेच ठाव नव्हतं. परत आखाड्यात गेलोच नाय."

मागं पोरी कसल्याशा गोष्टीवर पुन्हा हसल्या. मेव्हण्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ ते तसेच बघत राहिले.