खोकला नसलेल्यांचं औषध

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे, माफ करा. मी चौथीपर्यंतच शिकले. पनवेलला पोलीस ठाण्यासमोर माझी चहाची टपरी आहे. तिथं पाहिलेली एक केस अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

आमच्या बायकांची भिशी माझ्याकडे असायची. एकदा उघडून बघते तर डबा रिकामा. नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. पैसे त्यानेच खोकल्याच्या औषधावर उडवले होते. खोकला केव्हाच गेला, बाटल्या राहिल्या. शेजारीण तोंडावर म्हणाली, "नवऱ्याचा नाव नको सांगू. तूच खाल्लंस."

ठाण्यात चहा द्यायला गेले तेव्हा धीर करून साहेबांना सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "त्यात कोडीन असतं, अफूच्या जातीचं. ते मेंदूत जाऊन उबळ दाबतं. लिव्हरमध्ये त्याचं मॉर्फिन होतं. जास्त झालं तर श्वासही दाबतं. मावशी, बाटल्या देतो कोण?"

मी कामोठ्याच्या एका टेम्पोवाल्याचं नाव सांगितलं. त्याला उचलून आणला.

"साहेब, आपण फक्त डिलिव्हरी करतो. मेडिकलचा माल आहे, हे बिल."

दुसऱ्या दिवशीही तेच पालुपद. मात्र जांभया थांबेनात, नाक-डोळे गळत होते, अंगावर काटा.

"सर्दी झालीय साहेब," शिपाई म्हणाला.

"मे महिन्यात? अरे, हा स्वतःही पितो. कालपासून बाटली मिळाली नाही त्याला."

साहेबांनी हात उगारला नाही. त्याला आधी सरकारी दवाखान्यात नेलं. औषध घेऊन आल्यावर तो रडतच म्हणाला, "चला, गाळा दाखवतो."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण आरोपीने दाखवलेला माल टिकतो, असं साहेब सांगायचे. पंच घेऊन गेले, तर गाळ्यात छतापर्यंत खोकी! बिलावरचं मेडिकल तर कुठे नव्हतंच. पंचनामा संपेस्तोवर मी चहा पोचवला. एरवी माझा आवाज फुटत नाही, त्या दिवशी "चहाऽऽ" म्हणून रस्ताभर ओरडले.

नवऱ्याने साक्ष दिली, उपचार घेतले. घरातली गोष्ट लाजून झाकली की विकणाऱ्याचंच फावतं, एवढं मी शिकले.

तो परत ट्रेलरवर बसला आणि दर पगाराला भिशीचे पैसे भरू लागला. शेवटचे त्याने स्वतः सगळ्या बायकांपुढे ठेवले. शेजारणीने नोटा दोनदा मोजल्या.

"सगले हायेत गो. पुढची भिशी पन तूच धर."