लांबीखालचा पोचा

आमचे हे माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाहीत, त्याच्या गाडीच्या दाराकडे बघतात. रस्त्याने जाताना उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीवरून अंगठा फिरवायचा आणि पुटपुटायचं, "मागून ठोकलीये. दोनदा रंगवलीये." एकदा गाडीचा मालक आतच बसलेला होता. त्याने काच खाली केली, तेव्हा मी ओळख नसल्यासारखी पुढे चालू लागले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात एवढी हुशारी तर येतेच.

चाळीस वर्षं ह्यांनी एका गॅरेजात गाड्यांचे पोचे बुजवले. आधी ठोकून पत्रा सरळ करायचा, उरलेल्या खड्ड्यात लांबी म्हणून एक लगदा मिळतो तो भरायचा, वाळला की घासायचा आणि वर रंग मारायचा. ह्यांनी बुजवलेला पोचा कुठे होता ते दुसऱ्या दिवशी ह्यांचं ह्यांनाही सापडायचं नाही. गॅरेजात ह्यांना 'आरसा' म्हणत. आरशाचा घरात उपयोग शून्य. स्वयंपाकघरातलं स्टूल वीस वर्षं रंगाची वाट बघतंय.

आता थिनरच्या वासाने छाती पार कामातून गेलीये. दोन जिने चढायचे तर मध्ये एकदा बसावं लागतं. मलाही गुडघ्यांचं निमित्त आहेच. दुपारी आम्ही दोन खुर्च्यांवर बसून पंख्याकडे बघतो. कशाचाच उत्साह नाही आणि त्याबद्दल तक्रार करायचाही कंटाळा.

अशा एका दुपारी थोरले दीर आले. त्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो. अठ्ठ्याहत्तरीचे. बरोबर जाऊबाई, आणि जाऊबाईंच्या हातात खोकं. दादांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे सामान जाऊबाईंकडेच असतं. शर्टाची उजवी बाहीसुद्धा रोज त्याच घालून देतात.

खोक्यात वाफेचं इंजिन होतं, हातभर लांब. रुळांवरचं नव्हे, रस्त्यावरून चालणारं. मागे दोन अवाढव्य चाकं, पुढे उंच धुरांडं. दादा तरुणपणी एका लाकडाच्या वखारीत असलंच इंजिन चालवायचे. ते ओंडके ओढून आणायचं, आणि पट्टा चढवला की करवतही फिरवायचं. त्यांच्या लेकीने ती आठवण धरून हे खेळण्यातलं पाठवलं होतं. लालभडक रंग, त्यावर सोनेरी रेघा, डोक्यावर छप्पर.

दादा म्हणाले, ही आमची गाडी नाही. आमची हिरवी होती आणि इतकी नटलेली नव्हती. पुढच्या महिन्यात ते दोघं कायमचे लेकीकडे राहायला जाणार होते. तिथे एक खोली मिळणार, पलंगाशेजारी एक फळी. त्या फळीवर ठेवायला त्यांना त्यांचंच इंजिन हवं होतं.

"तू रंगारी आहेस," ते ह्यांना म्हणाले. "जशी होती तशी करून दे. काही सोडू नकोस."

हे नुसते "बरं" म्हणाले. पण चहा तसाच ठेवला, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीतल्या टेबलावर दुकान मांडलं गेलं. थिनरने लाल रंग उतरवला. खोकून खोकून जीव नकोसा झाला तरी उतरवला. छप्पर कापलं, कारण वखारीतल्या इंजिनाला छप्पर नव्हतं, दादा ताडपत्रीचा तुकडा बांधायचे. धुरांड्याला बोटभर नळी जोडून उंची वाढवली. चालकाच्या जागेजवळ तारेचा आकडा लावला, दादांचा डबा अडकवायला. मागच्या चाकाचा एक नट वखारीत कधीतरी बदलला होता, बाकी सगळे सहा कोनी आणि तो एकटा चौकोनी. हे कानशीने तेवढा एक चौकोनी घासत बसले. त्यात दोन दिवस गेले. हिरवा रंग पाच वेळा कालवला आणि पाचव्यांदा म्हणाले, हाच.

इथवर सगळं ठीक होतं. पण रंग चढल्यावर इंजिन जुनं दिसायला हवं ना. आणि आमच्या आरशाला घाण करताच येईना. कोळसा वाटून, फडक्यातून गाळून त्याची काजळी धुरांड्याला लावायचे, आणि संध्याकाळी बघावं तर पुसून चकाचक. तेलाचे ओघळ काढायचे आणि लगेच बोळा घेऊन बसायचे. हाताला सवयच नाही. शेवटी मी म्हटलं, शेगडीमागच्या भिंतीवर तेलाचे ओघळ मी इतकी वर्षं फुकटात काढतेय, या शिकायला. तर खरंच स्टूल घेऊन तासभर त्या भिंतीसमोर बसले. ओघळ वर जाड असतो, खाली बारीक होतो आणि टोकाला थेंब धरतो, हे ह्यांना सत्तराव्या वर्षी माझ्या भिंतीवरून कळलं. मला त्या भिंतीची लाज वाटायची, ती तेवढ्यापुरती गेली.

मग हात सुटला. फाटकाचा खरा गंज खरवडून तो वॉर्निशात कालवला आणि चाकांच्या सांध्यांत भरला. वाफ सुटते त्या झडपेखाली पाण्याच्या क्षाराचे पांढरे ओघळ ओढले. जिथे दादांचा हात रोज पडायचा त्या दांड्यावरचा रंग घासून पत्रा उघडा केला. हे काही फोटो समोर ठेवून चाललं नव्हतं. सगळं डोक्यात होतं. मी विचारलं, तुम्ही तर गॅरेजात होतात, मग वखारीतलं इंजिन इतकं पाठ कसं? त्यावर हे दांडा घासत राहिले.

एक जागा मात्र तशीच राहिली. बॉयलरच्या डाव्या अंगाला, मधोमध, तळहाताएवढा भाग. आजूबाजूला काजळी, तेल, गंज, आणि मध्ये तो हिरवा तुकडा गुळगुळीत. आठवडा गेला तरी तिथे ब्रश लागला नाही. इंजिन न्यायला चार दिवस उरले तेव्हा मी म्हटलं, हे विसरलात का?

हे खुर्चीत बसले.  मग सांगितलं.

आमच्या लग्नाआधी दोन वर्षं हे गॅरेजात नुकते लागले होते. दुपारी दादांचा डबा पोचवायला वखारीत जायचे. एके दिवशी दादा पाण्याची नळी आणायला गेले होते आणि इंजिन वाफेवर उभं होतं. ह्यांना चालवून बघायची हौस. दांडा ओढला. इंजिन दोन हात पुढे गेलं, आणि रचलेल्या ओंडक्यांतला एक बाहेर आलेला होता, त्याचं टोक बॉयलरवरच्या पत्र्यात घुसलं. हा एवढा पोचा. कुणी पाहिलं नाही. ह्यांनी दांडा ढकलला, इंजिन जागेवर घेतलं आणि वर बांधलेली ताडपत्री सोडून तिथे टाकली. दुसऱ्या दिवशी वखारीला सुट्टी. हे लांबी आणि रंग घेऊन गेले आणि पोचा बुजवला. वर काजळीही फासली. नवं नवं काम शिकलेलं, स्वतःवर खूश झाले.

"गाडीचा पत्रा आणि बॉयलरचा पत्रा यात फरक असतो," हे म्हणाले. "तो तापतो, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही."

चौथ्या दिवशी लांबी फुगली आणि सगळ्यांच्या देखत पापुद्र्यासारखी खाली पडली. मालक शेजारीच उभा. तो दादांना म्हणाला, पोचा मी सोडून दिला असता, लपवाछपवी सोडणार नाही. दादा काही बोलले नाहीत. त्यांना इंजिनावरून उतरवून फळ्यांच्या थप्प्या लावायला घातलं. वखार बंद पडेपर्यंत, एकोणीस वर्षं. खांदा त्यातच गेला.

 राग आला, खरं सांगते. त्या खांद्याला तेल चोळताना मी जाऊबाईंना किती वेळा पाहिलंय. त्या म्हणायच्या, ह्यांचीच चूक, स्वतःच धडकवलं आणि स्वतःच लपवलं, मग भोगा. दादा हसून ऐकून घ्यायचे. आणि आमचा हा माणूस तिथेच बसून चहा प्यायचा.

मी विचारलं, आता काय करणार? दादा म्हणालेत, काही सोडू नकोस. पोचा केला नाही तर दादांच्या लक्षात येईल. केला, तर त्या दिवसाचा विषय निघेल. हे म्हणाले, "शेहेचाळीस वर्षं झाली गं. आता सांगून त्याला काय मिळणार?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण ते लेकीकडे गेल्यावर तुम्ही पंख्याकडे बघत बसणार आहात आणि शेजारी मी असणार आहे.

रविवारी आम्ही इंजिन घेऊन गेलो. पिशवी ह्यांनी मला धरू दिली नाही. ती जागा तशीच गुळगुळीत होती, निघताना मी बघून घेतली होती.

दादांच्या घरात सगळीकडे खोकी. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. जाऊबाई पलंगावर बसून शर्टांच्या घड्या घालत होत्या. दादा बनियनवरच होते. त्यांनी इंजिन मांडीवर घेतलं आणि डाव्या हाताने फिरवून फिरवून बघितलं. आकडा दिसला तेव्हा हसले. चौकोनी नट दिसला तेव्हा जाऊबाईंना हाक मारून दाखवला. उघडा पडलेला दांडा दोन बोटांत धरला आणि थोडा वेळ सोडलाच नाही. मग त्यांचा अंगठा बॉयलरच्या डाव्या अंगावर आला आणि तिथेच थांबला.

"इथे काही नाही केलंस."

मी जमिनीकडे बघत होते.

"दादा," हे म्हणाले, "तो पोचा मी पाडला होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"लांबी पडली त्या दिवसापासून. इतकं साफ काम वखारीत कुणाला येत होतं?"

 दादा थांबत थांबत सांगत गेले. तुझी नोकरी नवी होती, तुझं नाव घेतलं असतं तर वखारीच्या मालकाने तुझ्या मालकाला सांगितलं असतं. ते थप्प्यांचं काम थोड्या दिवसांसाठी, असं वाटलं होतं. "मला वाटलं, तू येशील सांगायला. पहिलं वर्षभर वाट बघितली. मग थप्प्या लावता लावता ते राहूनच गेलं."

जाऊबाईंच्या हातातला शर्ट अर्धवट घडीत राहिला. तो घेऊनच त्या उठल्या आणि आत गेल्या. आत नळ सुरू झाला. भांडी तर सगळी खोक्यांत गेली होती.

ह्यांनी पिशवीत हात घातला आणि गोल तोंडाची लहान हातोडी काढली. गॅरेजातली. ती आणलीये हे मलाही माहीत नव्हतं. दादांनी इंजिन घट्ट धरलं.

"अजून खाली," ते म्हणाले. "हां, तिथे."

ह्यांनी टोला मारला. दादा म्हणाले, खोल होता, अजून एक मार. दुसरा मारला तसा पत्रा आत गेला, हिरवा रंग तडकला आणि आतला पांढरा पत्रा दिसला. ह्यांचा हात आपोआप पिशवीतल्या रंगाच्या डबीकडे गेला. दादांनी पोच्यावर तळहात ठेवला.

"राहू दे," म्हणाले.

नळ बंद झाला. जाऊबाई बाहेर आल्या. डोळे कोरडे होते, पदर भिजलेला होता. दादांकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्याकडेही नाही. तो शर्ट झटकून त्यांनी ह्यांच्यापुढे धरला.

"भाऊजी, आज तुम्ही घाला," त्या म्हणाल्या. "उजवी बाही आधी."

ह्यांनी शर्ट घेतला. दादांचा उजवा हात मनगटाशी धरला, जरासा उचलला आणि थांबले. तो किती वर जातो ते ह्यांना माहीत नव्हतं.