पहिलं विरजण

माणसाला पडणाऱ्या सगळ्या प्रश्नांत थोर प्रश्न एकच: ज्यानं हे जग निर्माण केलं त्या अनादि ईश्वराला स्वतःला आरंभ आहे की नाही. मला तो पडला तेव्हा माझ्या तोंडात मुरमुऱ्यांचा सुशीला होता आणि अंगात मामांची शेरवानी. पडला म्हणजे तरी काय, मला तो विचारला गेला. उत्तर पटलं तर मुलगी मिळणार होती.

निजामाचं राज्य होतं. मी परभणीच्या एका शाळेत मराठी मुलांना मराठी मुलुखातल्या नद्या उर्दूतून शिकवत असे. आमचं घर गळ्यात लिंग बांधणाऱ्यांचं, त्यामुळे सोयरीकही तशाच घरात व्हायची. वडील, मामा आणि मी बैलगाडीनं ऊन चढायच्या आत ताडकळसला पोचलो. त्या दिवशी तिथला बाजार होता. आमच्या दोन्ही घरांत सोयरीक पक्की झाली म्हणजे सुपारी फोडत, आणि ती फोडण्याआधी मुलीकडचा वडीलधारा माणूस मुलाला एक सवाल करी. बहुतेक ठिकाणी तो जमिनीबद्दल असतो.

इथे वडीलधारे म्हणजे मुलीच्या वडिलांचे चुलते. त्यांना सारं गाव अप्पा म्हणे. वादात त्यांना आजवर कोणी हरवलं नव्हतं, कारण त्यांच्याशी वाद घालायला कोणी बसत नव्हतं. बोलण्याआधी ते तीनदा खाकरत, पागोटं नीट करत, लोडावरून पुढं सरकत आणि मगच पहिला शब्द बाहेर पडे. ईश्वराच्या आरंभाचा सवाल त्यांनी माझ्याआधी तिघांना केला होता. पहिला म्हणाला, आरंभ आहे. त्याला नास्तिक म्हणून परत पाठवलं. दुसरा म्हणाला, नाही. पण का नाही ते त्याला सांगता येईना. तिसऱ्यानं लघवीला जाऊन येतो म्हणून सांगितलं आणि तो थेट आपल्या गावी गेला. मुलीला एकोणिसावं लागलं होतं. त्या काळी हे वय काळजीचं होतं, आणि काळजी अप्पा सोडून सगळ्यांना होती. आणखी एक पाहुणा परत गेला असता तर पाचवा आला नसता, हे आमच्या गाडीवानालाही ठाऊक होतं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी घास गिळला आणि जे खरंच वाटत होतं ते बोलून गेलो. आरंभ असेल तर तो करणारा आणखी कोणी असला पाहिजे. आणि बिनआरंभाचं काही असू शकतं असं मानलं तर तो मान जगालाच द्यायला काय हरकत आहे?

वडिलांनी डोळे मिटले. मामांनी माझ्या पायावर पाय दिला. अप्पा मात्र खाकरलेच नाहीत. त्यांचा चेहरा असा खुलला की मला संकोच वाटला. इतक्या वर्षांत कोणीतरी त्यांना उलट विचारलं होतं.

त्यांनी लोड बाजूला सारला. मला म्हणाले, दही कशानं लागतं? मी म्हटलं, विरजणानं. ते विरजण कशाचं? कालच्या दह्याचं. कालचं दही? परवाच्या. असं करत आम्ही बरेच मागे गेलो. मग मी म्हटलं, अप्पा, असंच मागं मागं जात राहिलं, पहिलं असं काही नसलंच, तर?

"ऐका," अप्पा म्हणाले. "बाई विरजण मागायला शेजारी गेली. शेजारीण म्हणती, थांब, मी माझ्या शेजारणीकडून आणती. तीबी म्हणती, थांब. आता ही गल्ली संपतच न्हाई असं धरा. तुमच्या वाटीत दही कधी पडायचं?"

मी बराच वेळ विचार केला. दही पडत नव्हतं.

"म्हणून," अप्पा म्हणाले, "एक घर असं पाहिजे की ज्यानं कुणाकडं मागितलं न्हाई. ते पहिलं विरजण म्हंजी ईश्वर. दह्याबिगर दही लागत न्हाई, आन् ईश्वराबिगर जग."

इतका सुरेख मुद्दा मी आमच्या शाळेतल्या मौलवीसाहेबांकडूनही ऐकला नव्हता. मी हरलो होतो आणि हरल्याचं वाईटही वाटत नव्हतं. फक्त हरलेल्याला मुलगी देतात की नाही, हे कळेना. अप्पांनाही ते कळत नसावं. इथवर कोणी आलंच नव्हतं.

तेवढ्यात माजघराच्या दारामागून आवाज आला. "अप्पा, दही लागायला दहीच लागतं असं न्हाई."

आवाज मुलीचा होता. मुलीनं पाहुण्यांसमोर बोलायचं नसतं, आणि अप्पांसमोर तर कोणीच बोलायचं नसतं.

ती पुढे म्हणाली, "दिवे लागल्यावर विरजण कोणी कुणाला देत न्हाई. घरातलं संपलं तर आमी काय करतो? कोमट दुधात हिरव्या मिरच्यांचे देठ टाकतो. सकाळपस्तोर लागतंय."

अप्पांना हे माहीत नव्हतं. सत्तर वर्षं ते रोज दही खात होते, पण चुलीपाशी कधी गेले नव्हते. घरातल्या बायकांना विचारलं तर सगळ्या म्हणाल्या, व्हय, त्यात काय, लागतंय की. इतकी वर्षं ईश्वराचा पुरावा ज्यावर उभा होता, त्याबद्दल स्वयंपाकघराला कोणी विचारलंच नव्हतं.

"मिरची कुठून आली मग?" अप्पांनी शेवटचा डाव टाकला.

"बाजारातून," ती म्हणाली.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. अप्पांनी दूध तापवायला सांगितलं. घरातलं भांडं चालणार नाही, जुन्या भांड्याच्या पोटात जुनं दही लपलेलं असतं, म्हणून बाजारातून कुंभाराचं कोरं मडकं आणवलं. देठ त्यांनी स्वतः मोजून टाकले, तोंडाला फडकं बांधलं आणि निकाल लागेपर्यंत पाहुण्यांनी हलायचं नाही असं जाहीर केलं.

त्या दिवसासारखा दिवस मला पुन्हा मिळाला नाही. मामा बाजार हिंडून आले. वडील ओसरीत घोरले. मी शेरवानी काढून ठेवली आणि सदऱ्यावर अप्पांशी वाद घालत बसलो. देठ हा ईश्वर मानायचा का, इथवर आम्ही आलो. शेजारचा दुकानदार अप्पांच्या बाजूनं बसला, पण त्याची मदत होईना म्हणून अप्पांनीच त्याला माझ्या बाजूला पाठवलं. मधेच ते उठून मडक्याचं फडकं उचलू लागले की आतून आवाज येई, "अप्पा, हलवू नका, मोडंल," आणि ते गुपचूप परत येत. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा मला दारातून ती दिसली. हसू आवरायला तिनं पदर तोंडाशी धरला होता. त्यानंतर मला मडक्याची फार काळजी वाटू लागली.

दिवस कलताना मडकं बैठकीत आणलं. अप्पांनी ते तिरपं केलं. आतलं सगळं एकदम न वाहता जरा दबकत सरकलं.

"हे दही न्हाई," अप्पा म्हणाले.

"पहिलं असंच असतंय," ती म्हणाली. या वेळी ती दाराच्या अलीकडे उभी होती. "ह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात घाला, ते घट्ट लागंल."

अप्पा मडक्यात पाहत राहिले. पहिलं कच्चं आणि पुढचं पक्कं, ही शक्यता त्यांच्या कोणत्याही ग्रंथात नव्हती. शेवटी त्यांनी मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं हाय?"

मी म्हटलं, "सवालाचा जवाब मला येत नाही, अप्पा. पण या घरात तो मडकं आणून तपासतात. मला इथंच सोयरीक करायची आहे."

मग त्यांनी त्या घरात कधी न झालेली गोष्ट केली. तिच्याकडे वळून म्हणाले, "आन् तुजं?"

"सुपारी फोडा," ती म्हणाली. "पाचव्यांदा सुशीला मी करणार न्हाई."

अप्पांनी अडकित्ता मागवला. खाकरायला विसरले आणि सुपारी फोडली. वडील जागे झाले होते. काय ठरलं ते त्यांना मामांनी सांगितलं. ईश्वराचा निर्णय पुढच्या भेटीवर ठेवला आणि तो आमच्या लग्नातही लागला नाही.

मडक्यातलं दही भाकरीवर ठरेना, म्हणून त्यात पाणी आणि मीठ घालून ताक केलं.